काळ्या पाषाणावरील फूल
(श्रींच्या वार्षिक उत्सवात भरलेल्या महाजन मेळाव्यातील भाषण)



आमच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या बिदर जिल्ह्याच्या पठारावर गेल्या. कुलदैवत मात्र येथे, गोमंतकात राहिले. कानडी, मराठी आणि दख्खनी उर्दू या तिन्ही भाषा ज्या बाजारात एकाच वेळी कानी पडतात, त्या बाजारातून मी आपल्यापुढे आलो आहे. पुष्परचनेची मूलतत्त्वे हा विषय समितीने मला दिला, तेव्हा प्रथम संकोच वाटला. येथे अबोली आणि सुरंगी यांची समृद्धी; आमच्याकडे उन्हाळ्यात कण्हेर आणि तगर टिकली तरी भाग्य मानावे. परंतु फुलांच्या बाबतीत आमचे बिदर इतके दरिद्री नाही. तेथील सर्वांत प्रसिद्ध फुले मातीत उगवत नाहीत, एवढेच.

बिदरी कामाचा डबा, सुरई किंवा हुक्क्याचे भांडे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. काळ्याभोर धातूवर चांदीची फुले आणि वेली. कुठे अफूच्या बोंडाचे डुलते झाड, कुठे अशर्फीच्या आकाराची बुट्टी, कुठे तीन पाकळ्यांचे साधे पान. या कलेला 2006 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि 2023 साली बिदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली. ही वस्तू घडते कशी, हे थोडे सविस्तर सांगतो. कारण आजचा माझा विषय त्या कृतीतच दडलेला आहे.

जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात आणि घासून गुळगुळीत करतात. मोरचुदाचे पाणी चोळले की पृष्ठभाग तात्पुरता काळवंडतो आणि त्यावर कलमाची रेघ स्पष्ट दिसते. मग छिन्नीने नक्षी कोरायची आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात आणि पत्र्याच्या कामाला तहनिशान. एवढे झाल्यावर भांडे पुन्हा घासतात, आणि येथे एक चमत्कारिक अवस्था येते. तात्पुरता काळेपणा निघून जातो. खाली जस्त फिकट, वर चांदीही फिकट. कित्येक दिवसांच्या मेहनतीचे फूल पूर्ण झालेले असते. पण ते दिसत नाही! शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांचा लेप किंचित तापवलेल्या भांड्यावर चोळतात. धातू काळाकुट्ट होतो, चांदीला त्या मातीचा स्पर्शही बाधत नाही, आणि फूल एकाएकी उमलते. कारागिराने शेवटच्या क्षणी फुलाला काहीच केलेले नसते. त्याने फुलाभोवतीची जागा घडवलेली असते.

त्याच किल्ल्यातील रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे जडवून केलेली नक्षी आहे. बरीदशाहीतील ते काम पाहताना हाच नियम दिसतो: उजळ वस्तूला गडद भूमी हवी, आणि ती भूमी मोकळीही हवी.

आता आपल्या गाभाऱ्याकडे वळतो. आपल्या श्रींची मूर्ती काळ्या पाषाणाची. कारागिराला मातीचा लेप देऊन जी भूमी करावी लागते, ती आपल्याला आयती लाभली आहे. आणि आपण काय करतो? ती झाकून टाकतो.

हा दोष मी आधी स्वतःच्या पदरी घेतो. आमच्या भागातील एका देवळात, फार वर्षांपूर्वी, उत्सवाची सजावट माझ्याकडे आली होती. तरुणपणचा उत्साह! टोपल्याच्या टोपल्या झेंडू आणि शेवंती मागवली. हारावर हार चढवले. मुकुटाच्या वर कमान, कमानीच्या वर पुन्हा तोरण. लोकांनी वाहवा केली. माझी आत्या रात्रभर एस.टी.ने प्रवास करून दर्शनाला आली होती. तिची दृष्टी अधू झालेली. बराच वेळ गाभाऱ्यासमोर उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, “फुलं लई बघितली रे बाळा, देव तेवढा बघायचा राहिला.” पुढच्या उत्सवाला ती नव्हती.

पुष्परचनेच्या पुस्तकांत रेषा, आकार, रंग, पोत आणि अवकाश ही घटकद्रव्ये सांगतात. तोल, प्रमाण, लय, प्राधान्य, विरोध आणि सुसंवाद ही तत्त्वे. त्यांची पाठांतरे करण्याचे कारण नाही. आपल्या देवळात ती सारी आहेतच. केळीचा खांब ही रेषा. झेंडूचा भरीव गोळा आणि तगरीची पसरट, नाजूक चकती यांत पोताचा भेद. रंगाविषयी मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतो. समईच्या पिवळ्या प्रकाशात जांभळा आणि निळा रंग मलूल होतो. गर्द तांबडी जास्वंद काळ्या पाषाणावर दुरून जवळजवळ विरून जाते. पांढरे आणि पिवळे फूल तेवढे सभामंडपाच्या टोकापर्यंत पोहोचते. म्हणून तांबडी फुले चरणांपाशी, जेथे माणूस जवळून पाहतो, आणि पांढरी वर, मुखाच्या परिसरात, पण मुखापासून चार बोटे दूर. डोळा नेहमी सर्वांत उजळ आणि सर्वांत मोठ्या वस्तूकडे प्रथम धावतो. ते स्थान कोणाचे, हे ठरले की प्राधान्याचे तत्त्व समजले.

जपानी लोकांची इकेबाना ही कला आज जगभर शिकवली जाते. तिचा उगमही देवघरातलाच, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बुद्धमूर्तीपुढे फुले वाहण्याच्या प्रथेतून ती वाढली. क्योतो शहरातील रोक्काकुदो मंदिराच्या इकेनोबो परंपरेतील सेनकेई या पुजाऱ्याच्या पुष्परचनेची नोंद 1462 सालची आहे. त्यांच्या रचनेत फांद्या मोजक्या असतात आणि मधली रिकामी जागा फांदीइतक्याच काळजीने राखलेली असते.

पण आपल्याला जपानला जाण्याची गरज काय? गोमंतकातील देवस्थानांत कौल घेताना पुजारी ओल्या पाकळ्या मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या जागी एकेक करून लावतो. गाऱ्हाणे घातले जाते आणि सारे श्वास रोखून पाहतात: उजवी पडते की डावी? लग्नाचा प्रश्न, जमिनीचा प्रश्न, आजारपणाचा प्रश्न त्या एका पाकळीवर टांगलेला असतो. या रचनेत तोल आहे, लय आहे, प्रमाण आहे. आणि दोन पाकळ्यांमधला उघडा पाषाण नसता तर कौल दिसलाच नसता. पुष्परचनेचा याहून नेमका पाठ मी कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही.

नवरात्रातील मखराचे शास्त्र थोडे निराळे. मखर हलते. स्थिर मूर्तीवर शोभणारा जड हार झोके घेणाऱ्या मखरात आदळतो, तुटतो. तेथे हलक्या, सुट्या माळा हव्यात, म्हणजे वाद्यांच्या ठेक्याबरोबर त्याही झुलतात. हे आपल्या जुन्या मंडळींना सांगावे लागत नसे. थर्माकोलच्या कमानींविषयी मी बोलणार नाही. बोललो तर कडू बोलेन. प्लास्टिकच्या फुलांविषयी एकच विचारतो: ज्याचे निर्माल्य होत नाही, ते अर्पण केले असे म्हणावे तरी कसे?

आता खरा अवघड प्रश्न. हार जास्त होतात ते सौंदर्यदृष्टी नाही म्हणून नव्हे. प्रत्येक कुटुंबाचा हार श्रींच्या गळ्यात पडावा, ही प्रत्येकाची इच्छा असते. मुंबईहून, बेळगावहून, आमच्याकडून माणसे वर्षातून एकदा येतात. त्यांचा हार बाजूला ठेवला तर मन दुखावते. मग कोणाचा हार आधी आणि कोणाचा वर, यावरून जे होते ते आपण सारे जाणतो. माझी सूचना समितीने विचारात घ्यावी. मूर्तीवर एका वेळी एकच हार असावा. बाकीचे प्रत्येक हार श्रीचरणांना लावून मखराला, खांबांना आणि उंबऱ्याला जावेत. उत्सवातील दिवस कुटुंबांनी चिठ्ठी टाकून वाटून घ्यावेत. हे सर्वांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. आमच्याच घरात यावर एकमत नाही.

आमच्या कलबुर्गी जिल्ह्यात, ज्याला आपण पूर्वी गुलबर्गा म्हणत असू, भीमा-अमरजा संगमावर गाणगापूर आहे. श्रीनृसिंहसरस्वती तेथून निघून श्रीशैलास गेले आणि फुलांच्या आसनावर बसून नदीतून अदृश्य झाले, अशी गुरुचरित्रातील कथा आपण पारायणात ऐकतो. अवघे आसन फुलांचे होते. मागे राहिलेल्या शिष्यांकडे प्रसाद म्हणून परत आली ती चार फुले. तेवढ्यावर त्यांची आयुष्ये निघाली.

उद्या पहाटेची पूजा बांधण्याचे काम समितीने माझ्याकडे आणि येथील भगिनींकडे दिले आहे. ज्यांच्या परसात तगर किंवा जाई आहे, त्यांनी कळ्या आज सायंकाळीच खुडाव्यात, ओल्या केळीच्या पानात गुंडाळून ठेवाव्यात. पाण्यात बुडवू नयेत, पाकळ्या काळ्या पडतात. झेंडू आणणाऱ्यांनी देठ दोन बोटे ठेवावा. आणि गळ्यातील एका हारासाठी पांढरी शेवंती पुरेशी मिळालेली नाही; कोणाकडे असेल तर आरतीनंतर मला भेटावे.