कर्ज कशासाठी?



मी सातवी शिकलेली, तरी दोन शब्द बोलते. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, कर्ज खेडोपाडी पोचले. विहिरींवर पंप बसले, ऊस वाढला, घरात चार पैसे आले. हे चांगलेच झाले. पुढे मात्र कर्ज काढून जो तो बोअर खोल नेऊ लागला. जमिनीखालचे पाणी सर्वांचे, त्यामुळे शेजारच्या विहिरी आटल्या. हप्ते तेवढे उरले.

बांगलादेशात ‘ग्रामीण शक्ती’ संस्थेने १९९६ पासून हप्त्यांवर सौर दिवे दिले. तेथे कर्जानेच रॉकेलचा धूर घालवला.

तेव्हा आपल्या बचत फंडातून कर्ज देताना “फेडणार कशी?” याबरोबर “पाणी कोणाचे आटेल?” हेही विचारत जाऊ या.