डाग कुठवर गेला आहे?

सभागृहात येताना एका कार्यकर्त्याने मला विचारलं, "घरच्या टेबलावर चहाच्या कपाचा पांढरा गोल उमटलाय. सुताराला बोलवायचं का?" तिथूनच सुरुवात करतो.

पांढरा गोल दिसला की टेबल गेलं असं वाटतं. खरं तर लाकडाला काहीच झालेलं नसतं. जुन्या सागवानी सामानावर बहुधा लाखेचं पॉलिश असतं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने हात मारत मारत चढवलेलं. कपाच्या गरमीने त्या थरात ओल शिरते आणि अडकून बसते. पांढरी दिसते ती ही ओल. डाग काळा असेल तर मात्र पाणी पॉलिश ओलांडून लाकडात उतरलं आहे. तिथे लाकडातलं टॅनिन आणि लोखंडाचा अंश एकत्र आले की शाईसारखा रंग धरतो, आणि वरवर पुसून तो जात नाही. म्हणून हात लावण्याआधी डाग कुठवर गेला आहे ते बघायचं. मी एवढी वर्षं लाकडाशी खटपट करतो आहे, आणि बिघडलेल्या वस्तूंपैकी निम्म्या तरी घाईच्या दुरुस्तीने बिघडलेल्या पाहिल्या आहेत.

पांढऱ्या गोलाला आधी दोन-चार दिवस तसंच राहू द्या. या दिवसांत तो पुष्कळदा आपणच फिका होतो. नाहीच गेला तर टेबलाच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा कापूस टेकवून बघा. चिकट होऊन तांबूस रंग उतरला तर लाख आहे. काहीच झालं नाही तर मेलामाइनसारखं नवं पॉलिश असेल. तिथे स्पिरिटचा उपाय चालत नाही. लाख असेल तर मऊ सुती कापडाला स्पिरिटचे दोनच थेंब लावायचे. हाताच्या पाठीवर फिरवलं तर जेमतेम गार लागलं पाहिजे, इतकंच. मग गोलावरून अलगद, न थांबता एक हात. लाख क्षणभर सैल होते आणि ओल निसटते. हात थांबला तर कापड चिकटतं आणि पॉलिश उखडतं. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळ देवाचा दिवाही नको. स्पिरिट पटकन पेट घेतं.

आता खड्डा. गेल्या दिवाळीत आमच्या टेबलावर खलबत्त्यातला बत्ता पडला आणि चांगला करंगळी टेकेल एवढा खळगा झाला. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडीच. मार बसला की त्या चेपतात, पण तुटल्या नसतील तर वाफेने परत फुगतात. ओलं कापड घडी करून खळग्यावर ठेवलं, वर गरम इस्त्रीचं टोक काही सेकंद टेकवलं. चर्रर्र आवाज आला, वाफ निघाली. कापड पुन्हा भिजवून तेच तीनदा केलं. चौथ्यांदा नख फिरवलं तर अडकेना. तिथलं पॉलिश पांढुरकं झालं होतं. लाकूड पुरतं सुकल्यावर ते पुन्हा चढवलं. वर नुसता पातळ व्हिनिअर असेल तर इस्त्री नको, खालचा गोंद सुटतो. आणि धारदार वस्तूने तंतूच कापले गेले असतील तर वाफेचा उपयोग नाही. तिथे भरणच करावं लागतं. भुसा आणि फेविकॉलची लांबी मला आवडत नाही. ती पॉलिश पीत नाही, त्यामुळे ठिगळ जन्मभर दिसतं. लहान ओरखड्याला रंगाचं मेण बरं.

करकरणाऱ्या खुर्चीला खिळा ठोकू नका, कुसू फाटतं. सांधा उघडा, जुना सरस गरम पाण्याच्या फडक्याने पुसून काढा, वाळू द्या, मग नवा गोंद लावा. सुतळीचे वेढे घेऊन त्यात काडी घाला, पीळ द्या आणि एक दिवस तसंच ठेवा. हे आत्ता वैशाखात करा. लाकूड सुकलेलं आहे, कुठला सांधा हलतो ते स्पष्ट कळतं. लाखेचं पॉलिशही आत्ताच. पावसाळी हवेत ते चढतानाच पांढरं पडतं.

ड्रॉवरचं मात्र उलटं. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगतं. म्हणून श्रावणात ड्रॉवर अडतो. एकदा मी तेव्हाच रंधा मारला. मार्चमध्ये तो ड्रॉवर खडखडायला लागला, आणि काढलेलं लाकूड परत लावता आलं नाही. आता अडला की घासतो तिथे पेन्सिलीची खूण करतो, मेणबत्ती फिरवतो आणि दिवाळीनंतर पुन्हा बघतो. बहुतेक वेळा तोवर रंध्याची गरजच उरलेली नसते.