भाड्याचे नातेवाईक आणि विकलेला वेळ
(पक्षाच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

आजचा विषय ऐकून काहींना हसू येण्याचा संभव आहे. पैसे मोजून काही तासांपुरता मुलगा, सून, बाप किंवा नवरा घरी आणता येतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी विनोदी वाटते. भांडवली वृत्तपत्रेही ती बहुधा विनोद म्हणूनच छापतात आणि जपानी माणूस विचित्र असतो, एवढा निष्कर्ष काढून मोकळी होतात. परंतु एखाद्या देशात असा धंदा का उभा राहतो, याचे उत्तर त्या देशातील माणसांच्या स्वभावात शोधायचे की त्यांच्या श्रमाच्या परिस्थितीत, हा आपल्या दृष्टीने गंभीर प्रश्न आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी टोकियोतील सात्सुकी ओइवा या बाईंच्या संस्थेने वृद्धांच्या घरी भाड्याने 'मुले' आणि 'नातवंडे' पाठविण्यास सुरुवात केली. ही संस्था मुळात कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणारी होती. आईवडिलांना भेटायला जाण्याइतकाही वेळ मिळत नाही, अशी तक्रार तिथे येणारे कर्मचारी करीत, आणि त्या तक्रारीतून हा व्यवसाय निघाला. पुढे अशा अनेक कंपन्या निघाल्या. लग्नात वधूच्या वा वराच्या बाजूने बसायला पाहुणे, समारंभाला 'साहेब', घटस्फोटित आईच्या मुलासाठी 'वडील' अशी माणसे त्या पुरवू लागल्या.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या व्यवसायाविषयी जगभर जे छापून आले, ते सर्वच विश्वसनीय नाही. अमेरिकेतील एका प्रतिष्ठित नियतकालिकाने २०१८ मध्ये यावर दीर्घ लेख छापला व त्याला राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. मागाहून लेखातील काही व्यक्तींनी स्वतःविषयी खोटी माहिती दिल्याचे उघडकीस आले आणि पारितोषिक परत करावे लागले. जपानच्या सार्वजनिक नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेलाही २०१९ मध्ये अशीच कबुली द्यावी लागली. तिच्या माहितीपटात 'ग्राहक' म्हणून दाखविलेला मनुष्य त्या कंपनीचाच माणूस होता. नातेवाईक भाड्याने देणाऱ्यांनी वार्ताहरांना ग्राहकही भाड्याने दिले! तेव्हा डोळ्यांत पाणी आणणाऱ्या कहाण्यांवर आपले विवेचन उभारू नये. ते ज्या गोष्टी मोजता येतात त्यांवर उभारावे.

मोजता येण्याजोग्या गोष्टी पुरेशा बोलक्या आहेत. १९८० मध्ये जपानमधील साधारण पाच कुटुंबांपैकी एक एकट्या माणसाचे होते. २०२०च्या जनगणनेत हे प्रमाण ३८ टक्क्यांवर गेले. २०२४च्या पहिल्या सहा महिन्यांत तेथील पोलिसांनी एकट्याने राहत्या घरी मरण पावलेल्या ३७ हजारांहून अधिक माणसांची नोंद केली. त्यांतील सुमारे चार हजार जणांचा मृत्यू महिना उलटून गेल्यावर उघडकीस आला. शेजारच्या खोलीत माणूस मेला आहे, हे महिनाभर कुणाला कळत नाही, ही स्थिती जगातील एका अत्यंत संपन्न देशात आहे.

ही स्थिती आली कशी? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वेगवान औद्योगिक वाढीच्या काळात जपानी भांडवलदारांनी कायम नोकरीचे आश्वासन दिले आणि मोबदल्यात पुरुषाचा सगळा वेळ मागितला. कंपनी सांगेल त्या गावी बदली घ्यायची, आणि मुलांची शाळा मोडू नये म्हणून कुटुंब मागे ठेवून एकट्याने जायचे, हा तिथल्या नोकरदारांचा सर्वसाधारण अनुभव झाला. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूसाठी जपानी भाषेत 'कारोशी' हा स्वतंत्र शब्द रूढ झाला. जादा कामावर दंडाच्या तरतुदीसह कायद्याची मर्यादा २०१९ पासून लागू झाली, आणि विशेष परिस्थितीत तीही वर्षाला ७२० तासांपर्यंत वाढविता येते. घर, मुले, वृद्ध सासूसासरे यांचा सर्व भार या काळात स्त्रीने विनामूल्य वाहिला.

अशा विवाहांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. नवरा निवृत्त होऊन घरी येतो तेव्हा पतिपत्नी एकमेकांना जवळजवळ परकी झालेली असतात. एप्रिल २००७ पासून घटस्फोटित पत्नीला पतीच्या नोकरीच्या निवृत्तिवेतनात निम्म्यापर्यंत वाटा मागता येऊ लागला. उतारवयातील घटस्फोटांची चर्चा त्या सुमारास घरोघर होत होती. ज्या स्त्रीने आयुष्यभर फुकट श्रम केले, तिने हक्काचा वाटा घेऊन बाहेर पडणे, यात तिचा कोणता अपराध? घटस्फोटांची वार्षिक संख्या २००२ मध्ये सुमारे २ लाख ९० हजार या शिखरावर होती. नंतर ती उतरली, पण तोपर्यंत लग्नेच कमी होऊ लागली होती.

तरुण जोडप्यांच्या घटस्फोटात कायद्याने आणखी एक जखम केली. घटस्फोटानंतर मुलावर आईबापांपैकी एकाचाच कायदेशीर अधिकार राहील, असा तेथील दिवाणी कायदा होता. संयुक्त अधिकाराची मुभा देणारी दुरुस्ती संसदेने मे २०२४ मध्ये संमत केली. तोवर अनेक मुलांच्या आयुष्यातून एक पालक कायमचा दिसेनासा झाला होता. २०२१च्या आकडेवारीनुसार एकल पालकांच्या कुटुंबांपैकी सुमारे ४४ टक्के दारिद्र्यात होती. त्यांतील बहुतेक कुटुंबे स्त्रियांच्या कमाईवर चालतात. अशा आईला मुलासाठी तासावर 'वडील' आणावेसे वाटले, तर तिला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही.

१९९०च्या सुमारास सट्टेबाजीचा फुगा फुटला आणि कायम नोकरीचे आश्वासनही भांडवलाने मागे घेतले. कामगार पुरविण्याच्या कंत्राटी पद्धतीला १९९९ मध्ये बहुतेक सर्व व्यवसाय आणि २००४ मध्ये कारखानेही खुले झाले. अनियमित कामगारांचे प्रमाण एकूण नोकरदारांच्या एकपंचमांशावरून एकतृतीयांशापलीकडे गेले. ज्याला पुढच्या वर्षीच्या कामाची शाश्वती नाही, तो लग्न कशाच्या आधारावर करणार? जुन्या पिढीचा वेळ कामाने खाल्ला आणि नव्या पिढीचा उद्याचा भरवसा कामाच्या अनिश्चिततेने खाल्ला.

आता या व्यवहाराचे स्वरूप तपासू. मार्क्स-एंगल्स यांनी १८४८च्या जाहीरनाम्यात दाखविले होते की भांडवलशाही कुटुंबातील भावनेचा पडदा दूर सारून तेथेही पैशाचा संबंध आणते. भाड्याचे नातेवाईक हे त्या प्रक्रियेचे पुढचे पाऊल आहे. मुलाकडून त्याचा वेळ श्रमशक्तीच्या रूपाने विकत घेतला जातो, आणि त्या वेळाअभावी रिकामी पडलेली जागा तिसरा भांडवलदार दुसऱ्या एका कामगाराकरवी भरून देतो. दोन्ही बाजूंनी नफा होतो. 'मुलगा' म्हणून येणाराही रोजंदार असतो. चेहऱ्यावरचे हसू हा त्याच्या कामाचा भाग असतो आणि त्याची स्वतःची आई कदाचित अन्यत्र एकटी असते.

महाराष्ट्रातील कामगार चळवळीला घराबाहेर विकत घेतलेली घरची सोबत अपरिचित नाही. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेला कामगार बायकामुलांना गावी ठेवून दाटीवाटीच्या खोलीत राहत असे व खानावळवाल्या बाईकडे जेवत असे. तेही पैशाचेच नाते होते. परंतु खानावळीतील भाकरी खरी होती, आणि खोलीतील सोबत खरी होती. संपाच्या काळात ती कसाला लागत असे. त्या खानावळवाल्या स्त्रियांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. सावकाराकडे हात पसरणाऱ्या बाया बँकेत ताठ मानेने जाऊ लागल्या. म्हणजे व्यवहार पैशाचा असूनही माणसे परस्परांना बांधली जाऊ शकली, कारण मध्ये संघटना होती. भाड्याच्या मुलाची सोबत मात्र वेळ संपताच संपते. आजारपणात त्याला हाक मारण्याचा हक्क कोणत्याही पावतीने मिळत नाही.

आपल्याकडेही वारे त्याच दिशेने वाहत आहेत. मुले परदेशी किंवा परप्रांती असलेल्या वृद्धांना तरुण पदवीधरांची सोबत मासिक शुल्कावर पुरविणारी कंपनी २०२२ मध्ये मुंबईत सुरू झाली. त्या वृद्धांची गरज खरी आहे आणि त्या पदवीधरांचीही.

या प्रश्नावर दोन सोपे उपाय सांगितले जातात. पहिला, जुन्या कुटुंबव्यवस्थेकडे परत जाण्याचा. ते कुटुंब सुनेच्या मूक श्रमावर उभे होते, हे एंगल्सने १८८४ मध्येच मांडलेल्या विवेचनाच्या प्रकाशात आपण विसरता कामा नये. दुसरा, सरकारी खाते उघडण्याचा. जपानने फेब्रुवारी २०२१ मध्ये एकाकीपणासाठी मंत्री नेमला आणि एप्रिल २०२४ पासून त्यासंबंधी कायदाही अमलात आणला. पाऊल स्वागतार्ह आहे, पण मंत्री एकाकी माणसाच्या मुलाला संध्याकाळी सहा वाजता घरी पाठवू शकत नाही. जपानी कम्युनिस्ट पक्षाने २०२४ मध्ये सात तासांच्या कामाच्या दिवसाची मागणी मांडली, ती मात्र प्रश्नाच्या मुळाशी जाते.

म्हणून कॉम्रेड्स, कामाच्या तासांची लढाई केवळ वेतनाची लढाई नाही. कायम नोकरी, पुरेसे निवृत्तिवेतन, परवडणारे घर, पाळणाघर, स्त्रीला तिच्या श्रमाचा वाटा, या मागण्या म्हणजे आईवडिलांच्या, मुलांच्या आणि एकमेकांच्या वाट्याला येणाऱ्या वेळाच्या मागण्या आहेत. आणि एक जबाबदारी मागणीपत्रात बसत नाही. परप्रांतात एकटे राहणारे, निवृत्त झालेले, घर मोडलेले साथी प्रत्येक शाखेत आहेत. वर्गणी घेण्यासाठी त्यांच्या दारी कोणीतरी जातेच. पुढच्या वेळी गेलेल्याने पावती फाडून लगेच उठू नये. थोडा वेळ बसावे, विचारपूस करावी, आणि पुन्हा यावे.