कोरा नमुना आणि भरलेली नावे



संगणक या विषयावर बोलावे असा आग्रह झाला. विषय समुद्राएवढा आहे. आम्ही त्यातले एकच काम घेऊन उभे आहोत: तोच मजकूर चाळीस जणांसाठी चाळीस वेळा लिहिण्याचे काम.

दहावी-बारावीचे निकाल लागले की भादा, मातोळा, लामजना, किल्लारी येथून पालक कागदांची पिशवी घेऊन औशाला येतात. १९९० साली केंद्राने अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांना लागू केल्या, तेव्हापासून दाखल्यासाठी मूळ जात आणि बौद्ध धर्म या दोन्ही नोंदी नीट याव्या लागतात. शिवाय १० ऑगस्ट १९५० रोजी कुटुंब कोठे राहत होते, याचा पुरावा लागतो. अर्ज आता ऑनलाईन भरला जातो. पण वंशावळ आणि शपथपत्र कोणाला तरी लिहावेच लागते. ते आम्ही लिहून देतो.

पूर्वी हे टंकलेखन यंत्रावर होई. मग संगणक आला आणि आम्ही जुनी फाईल उघडून नाव तेवढे बदलू लागलो. हा सर्वांत धोक्याचा मार्ग, कारण चार ठिकाणी नाव बदलले तरी पाचवे राहून जाते. त्यापेक्षा वर्डमध्ये मेल मर्जची सोय फार वर्षांपासून आहे. एका बाजूला कोरा नमुना, दुसऱ्या बाजूला एक्सेलची यादी. नमुन्यात जागोजागी खुणा करायच्या, आणि यादीतील एकेक ओळ त्या खुणांवर जाऊन बसते. याहून जास्त काही हवे असेल तर पायथॉनसारख्या भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहावा. आमच्यातील विद्यार्थ्यांनी तो लिहिला. लिहिताना जे उमगले ते कोणत्याही पुस्तकात आम्हाला सापडले नव्हते.

पहिली अडचण आपल्या मायबोलीचीच. शपथपत्रात मुलगा ‘लिहून देतो’ आणि मुलगी ‘लिहून देते’. म्हणून यादीत स्त्री-पुरुष असा रकाना हवा, आणि प्रोग्रॅमने त्यावरून क्रियापद निवडायला हवे. गावाच्या नावाला नुसता ‘चा’ जोडला तर ‘औसाचा’, ‘लामजनाचा’ असे उमटते. आपण तर ‘औशाचा’, ‘लामजन्याचा’ म्हणतो. यावर तोड महसुली कारकुनांनी फार पूर्वीच काढून ठेवली आहे: ‘मौजे लामजना, ता. औसा येथील’. नाव जसेच्या तसे राहते! ही भाषा आम्हाला रुक्ष वाटे. आता तिचे उपकार वाटतात. वय अक्षरी लिहायचे तर इंग्रजीत विसाच्या पुढे जोड देऊन भागते. मराठीत एकोणपन्नास, सत्तावन्न, त्र्याहत्तर असे शंभरपर्यंतचे शब्द एकेक करून यादीत घालावे लागले.

दुसरी अडचण जिल्ह्याची. १९५० साली औसा हैदराबाद राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. म्हणजे आजोबांच्या कागदावर उस्मानाबाद, नातीच्या कागदावर लातूर, आणि गाव मात्र तेच. त्यात २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुन्या कागदावर जे आहे तेच उतरवायचे, म्हणून जिल्ह्याचे दोन रकाने केले: ‘तेव्हाचा’ आणि ‘आताचा’.

फाँटबद्दल थोडक्यात सांगतो. श्रीलिपी, कृतिदेव यांत टंकलेली जुनी यादी दिसते मराठी, पण आत रोमन अक्षरे असतात. युनिकोडच्या नमुन्यात ती टाकली की नावाच्या जागी गिचमिड उमटते. यादी आधी बदलून घ्यावी. आणखी एक: खूण टंकताना मध्येच दुरुस्ती केली तर वर्ड आतल्या आत तिचे तुकडे करून ठेवतो. डोळ्यांना ती अखंड दिसते, प्रोग्रॅमला सापडत नाही. खूण पूर्ण पुसून एका दमात पुन्हा लिहिली की सापडते.

आता आमची चूक. एका मुलीच्या ओळीत आजोबांच्या गावाचा रकाना कोरा होता. आमच्या प्रोग्रॅमने कोऱ्या जागी आधीच्या ओळीतले गाव तसेच राहू दिले. शपथपत्र सुबक दिसत होते. तिच्या वडिलांनी विश्वासाने सही केली. छाननीत वंशावळ आणि शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा जुळेना. कोणी खोटे बोलले नव्हते, पण शपथेवर चुकीचे गाव गेले होते आणि खुलासा द्यायला तो बाप तीन वेळा मजुरी बुडवून आला. दाखला मिळाला, तोवर वसतिगृहाची यादी लागून गेली होती. ती मुलगी वर्षभर एसटीने ये-जा करीत राहिली.

त्यानंतर आम्ही तीन बदल केले. प्रत्येक ओळीसाठी नमुना नव्याने उघडायचा. रकाना कोरा असेल तर प्रोग्रॅमने थांबायचे आणि कोणाची कोणती माहिती नाही ते सांगायचे. आणि छापलेला कागद सहीपूर्वी त्या कुटुंबाला मोठ्याने वाचून दाखवायचा. या तिसऱ्या कामाला वेळ लागतो, रांग खोळंबते, लोक कुरकुरतात. आम्ही ते सोडलेले नाही. परवाच एका आजीने वाचन मध्येच थांबवून सासऱ्याचे नाव दुरुस्त करून दिले. ते शाळेच्या उताऱ्यातही चुकलेले होते.

यादीची कोरी फाईल सोसायटीच्या कार्यालयात ठेवली आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी ती पेन ड्राईव्हवर घेऊन जावी आणि पहिली ओळ आपल्या घरची, आजी-आजोबांना विचारून, भरून आणावी.