आजचा मुक्काम

(रात्रीच्या साक्षरता वर्गात एका दुकानदाराने केलेले भाषण)



गुरुजींनी मला बोलायला उभे केले आहे. मी काही वक्ता नाही. मी किराणा दुकानदार. तुमच्यापैकी बहुतेकांना मी तेल-मीठ तोलून दिले आहे. आज मात्र मी माझ्या स्वतःच्याच वजनाची गोष्ट सांगणार आहे. हसू नका. ऐकून घ्या.

तीन वर्षांपूर्वी माझे वय ४७ होते आणि वजन ९१ किलो. उंची बेताची. सकाळी गादीवर बसलो की रात्री उठायचो. गिऱ्हाईक आले की चहा, व्यापारी आला की चहा. दोन जिने चढले की धाप लागे. पण मला त्याचे काही वाटत नसे. "खाऊनपिऊन सुखी आहे," असे लोक म्हणत. मीही तसेच म्हणत होतो.

एकदा आरोग्य केंद्रात तपासणीचे शिबिर भरले. तिथे माझे रक्त तपासले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दादा, तुमची साखर काठावर आहे. मधुमेह अजून झालेला नाही. पण असेच बसून राहिलात, तर होईल."

मंडळी, मधुमेह म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. आमच्या ओसरीवर माझे वडील बसलेले असतात. तुम्ही त्यांना ओळखता. ते वारकरी. वीस वर्षे त्यांची पायी वारी चुकली नव्हती. त्यांना मधुमेह झाला, पण त्यांनी औषध धड घेतले नाही. रक्तात साखर फार दिवस वाढलेली राहिली, की पायाची जाणीव कमी होते. त्यांच्या तळव्यात काटा मोडला, तो त्यांना कळलाच नाही. जखम चिघळली. पाय वाचवता आला नाही. गुडघ्याखाली कापावा लागला. आता आषाढ आला, की ते रस्त्याकडे तोंड करून बसतात. बोलत काही नाहीत.

त्या दिवशी शिबिरातून घरी आलो आणि वडिलांच्या कुबडीकडे पाहिले. मग मनाशी म्हटले, उद्यापासून चालायचे.

सुरुवात फार जोरात झाली. पहाटे उठून चार किलोमीटर चाललो. भात बंद, भाकरी बंद, गोड बंद. दुकानात पोती तोलायचा काटा आहेच. त्यावर मी रोज दोनदा उभा राही. पहिल्या महिन्यात ३ किलो उतरले. मी गावभर सांगत सुटलो. दुसऱ्या महिन्यात दीड किलो. तिसऱ्या महिन्यात एक. आणि चौथ्या महिन्यात काहीच नाही! काटा ८५॥ किलोवर जो थांबला, तो हलेना. एखाद्या दिवशी तर उलट एक किलो वाढलेला दिसे. मग माझा दिवस वाईट जाई. मी गिऱ्हाइकावर डाफरे, पोरांवर ओरडे.

असे का होते, ते मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्यांनी समजावून सांगितले. तेच तुम्हांला सांगतो.

आधी रोजच्या चढउताराचे बघा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. तुम्ही लिटरभर पाणी प्यायलात आणि काट्यावर उभे राहिलात, तर काटा एक किलो पुढे जाणारच. ती काही चरबी नव्हे. आदल्या दिवशी खारट खाल्ले, तरी अंगात पाणी धरून राहते. सुरुवातीला जे भराभर उतरते, त्यातही बरेचसे पाणीच असते. म्हणून रोज काटा बघून हरखू नये आणि रडूही नये. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उठल्यावर बघावे.

आता वजन उतरायचे थांबते कशाने? भरलेली गाडी ओढायला बैलांना जोर लागतो. गाडी हलकी झाली, की तितका जोर लागत नाही. आपल्या शरीराचेही तसेच आहे. ते हलके झाले, की थोड्या अन्नावर भागते. त्यामुळे पुढचे वजन सावकाश उतरते. याचा अर्थ आपले चुकले असा नाही. वाटेत चढ लागला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हे सगळे मला समजले. पण समजणे वेगळे आणि मनाला पटणे वेगळे. ते पटवले आमच्या घरच्या मंडळींनी.

ती तिकडे बसली आहे, लाजते आहे. गेल्या पाच वर्षांत ती याच वर्गात अक्षरे शिकली. तिने पहिल्या दिवशी एक सुतळी घेऊन माझ्या पोटाचा घेर मोजला होता आणि सुतळीला गाठ मारली होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती घेर मोजी, नवी गाठ मारी आणि पाटीवर शिकलेल्या आकड्यांनी वहीत लिहून ठेवी. चौथ्या महिन्यात मी तोंड पाडून बसलो होतो. तिने सुतळी पुढे धरली. म्हणाली, "अहो, काटा तिथंच आहे, पण गाठ सरकली की! दोन बोटं आत आलीय."

मी बघतच राहिलो. काटा जे दाखवत नव्हता, ते सुतळी दाखवत होती. पोटाची चरबी कमी होत होती आणि पाय घट्ट होत होते. आपल्याकडे पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे डॉक्टर सांगतात. म्हणजे पुरुषाचा साधारण साडेपस्तीस इंच, बाईचा साडेएकतीस. घरी सुतळी सगळ्यांकडे असते. मोजून बघा.

म्हणून सांगतो, लिहून ठेवा. तुम्हांला आता लिहिता येते. त्या विद्येचा असाही उपयोग करा. ज्या दिवशी चाललात, त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बरोबरची खूण करा. मन विसरते. वही विसरत नाही.

आता माझी फजिती ऐका. सहा महिने झाले आणि पुतणीचे लग्न निघाले. पाठोपाठ दिवाळी आली. पाहुणे, पंगती, लाडू. "एवढंच घ्या, आमच्या घरचं तोंड गोड करा," असे कोणी म्हटले, की नाही म्हणता येत नाही. पहाटेचे चालणे एक दिवस चुकले. मग दोन दिवस चुकले. मग मी म्हटले, आता सगळे मोडलेच आहे, तर राहू दे. दोन महिने मी घराबाहेर पाय टाकला नाही. चार किलो पुन्हा चढले. मला इतकी लाज वाटली, की काट्यावर मी पोते टाकून ठेवले. दिसायलाच नको!

वडील हे सगळे ओसरीवरून बघत होते. एके दिवशी त्यांनी मला जवळ बसवले. म्हणाले, "बाळ, पाऊस ओढला आणि पेरणी वाया गेली, म्हणून कोणी शेत विकतं का?"

मी म्हटले, "नाही. दुबार पेरणी करतात."

"मग तू का बसलास?" ते म्हणाले. "वारीत आम्ही आळंदीहून निघायचो, तेव्हा पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर लांब. सगळी वाट एकदम डोळ्यांपुढे आणली असती, तर पहिल्याच दिवशी माघारी फिरलो असतो. आम्ही फक्त आजचा मुक्काम बघायचो. एखाद्या दिवशी पाय सुजला, तर गाडीत बसायचो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दिंडीत. माझा पाय आता नाही. तुझे दोन आहेत."

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी काट्यावरचे पोते उचलले. काटा ८९॥ म्हणाला. मी तो आकडा घरच्यांना वहीत लिहायला सांगितला आणि चालायला निघालो.

या वेळी मी चार किलोमीटर ठरवले नाहीत. मारुतीच्या देवळापर्यंत जायचे आणि यायचे, एवढेच ठरवले. पंधरा मिनिटांचे काम. महिन्याने ते थोडे वाढवले. आता रोज अर्धा तास होतो. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालले, की १५० मिनिटे होतात. मोठ्या माणसाने निदान इतके तरी करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

वेळही बांधून टाकली. पहाटे तोंड धुतले, की पायांत चपला. "आज जाऊ का नको?" असे मनाला विचारायचेच नाही. मनाला विचारले, की ते नको म्हणते. लंडनमध्ये याविषयी एक अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला लोकांना सरासरी ६६ दिवस लागले. काहींना फार लवकर जमले, काहींना पुष्कळ जास्त दिवस लागले. पण त्यात एक मोलाची गोष्ट दिसली. मध्ये एखादा दिवस खाडा पडला, म्हणून सवय मोडली नाही. मी एका दिवसाच्या खाड्याला घाबरलो आणि दोन महिने घालवले. तुम्ही तसे करू नका.

आणि सोबत धरली. शेजारचे सुतारमामा पहाटे दाराशी येऊन हाक मारतात. अंथरूण सोडवत नाही, पण दारात उभ्या माणसाला परत कसे पाठवायचे? वारीत माणूस एकटा चालत नाही, दिंडीत चालतो, ते उगीच नव्हे.

खाण्याचेही तसेच केले. भाकरी सोडली नाही. तीनऐवजी दोन केल्या आणि ताटात पालेभाजी, उसळ, ताक वाढवले. मग भूक लागत नाही. चहाचा हिशेब मात्र दुकानदारासारखा केला. दिवसाला आठ कप, कपाला दोन चमचे. एका चमच्यात साधारण पाच ग्रॅम साखर. महिन्याला झाली जवळजवळ अडीच किलो! गिऱ्हाइकाला जी पिशवी बांधून देतो, तशी अडीच पिशव्या साखर मी एकटा पीत होतो. आता दोनच कप घेतो, अर्धा चमचा घालून. सणाला पुरणपोळी खातो, पण अर्धी. आग्रह झाला, तर उरलेली अर्धी शेजारच्या पोराच्या ताटात.

कोणी म्हणेल, आम्ही शेतात राबतो, आम्हांला चालणे कशाला? जो खरोखर दिवसभर राबतो, त्याला वेगळे चालायची गरज नाही. पण खरे सांगा, नांगर आता कोण धरतो? ट्रॅक्टर आला. बांधावर जायला मोटारसायकल आली. हाताचे काम कमी झाले, ताट मात्र तेवढेच राहिले.

कोणी विचारील, थोडेसे वजन उतरून काय होणार? अमेरिकेत साखर काठावर असलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. काहींना आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि शंभरात सात इतके वजन उतरवणे, एवढेच सांगितले होते. नुसता साधा सल्ला घेणाऱ्यांत जिथे १०० जणांना मधुमेह झाला, तिथे या लोकांत सुमारे ४२ जणांनाच झाला. माझ्या ९१ किलोंत शंभरात सात म्हणजे साडेसहा किलोही नाहीत. एवढ्याने पाय वाचत असेल, तर ते थोडे नव्हे.

चार गोष्टी जपून करा. जो आधीच सडपातळ आहे, त्याने वजन उतरवू नये. गरोदर बाईने तर नाहीच नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये आणि औषध सोडू नये. चालताना छातीत दुखले, तर थांबावे आणि लगेच दवाखाना गाठावा. आणि "पंधरा दिवसांत दहा किलो" म्हणून जी पूड बाजारात विकतात, तिच्यावर पैसा घालवू नये.

आज माझे वजन ८० किलो आहे. तीन वर्षांत ११ किलो उतरले. कोणाला हे थोडे वाटेल. पण साखर काठावरून मागे सरली आहे. दर वर्षी रक्त तपासून घेतो. चालणे काही संपलेले नाही, संपणारही नाही. चालणे सोडले, की वजन पुन्हा चढते, हे मी एकदा बघितले आहे.

उत्साह हा पाहुणा आहे. तो चार दिवस राहतो आणि जातो. सवय घरची आहे. पाहुणा गेला, तरी घरच्यांनी चूल पेटवायची असते.

गेल्या आषाढात मी सासवडहून जेजुरीपर्यंत पालखीबरोबर चाललो. एकच मुक्काम. संध्याकाळी जेजुरीहून वडिलांना फोन केला. म्हटले, "पोहोचलो." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाय नीट बघ. फोड आलाय का, ते बघून झोप."

मंडळी, तुम्हीही उद्या पंढरपूर बघू नका. उद्या मारुतीच्या देवळापर्यंत जा आणि घरी येऊन कॅलेंडरवर एक खूण करा. परवाचे परवा बघू.