अग्नी पेटविणे आणि अग्नी राखणे



देवालयात ज्याच्याकडे समई लावण्याची सेवा येते, त्याच्याकडे ती ज्योत सांभाळण्याचे दायित्वही येते. किशोरवयीन मुलांना रानात राहण्याचे व अग्नी पेटविण्याचे शिक्षण द्यावयाचे, तर त्याचाही पाया हाच असला पाहिजे. या विषयाचे बोलके उदाहरण मात्र गोमंतकाबाहेर, सातपुड्याच्या मुलखात आढळते.

मध्य प्रदेशातील तिगाव हे नागपूर–इटारसी लोहमार्गावरील गाव. पांढुर्णा २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वी हा मराठी बोलणारा टापू छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे. तिगावहून चिचोंड्याकडे आगगाडी घाट चढू लागते. साग, पळस, मोह ही या भागातील झाडे. फाल्गुन-चैत्रात त्यांची पाने गळून वाळतात. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची चाल मध्य भारतात जुनी आहे, आणि त्यातूनच पुष्कळदा वणवा पसरतो. अशा मुलखातील मुलाला अग्नी पेटविणे नव्याने शिकवावे लागत नाही. तो पुरता विझविणे शिकवावे लागते. उलट, शहरात वाढलेल्या मुलाच्या हाती काडीपेटीसुद्धा क्वचितच येते. दोघांचेही शिक्षण अर्धेच राहते.

हे शिक्षण शिस्तीने देण्याचा प्रयत्न बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावरील शिबिरात केला. हिंदुस्थानात डॉ. ॲनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू प्रभृतींनी ही चळवळ देशी मुलांपर्यंत आणली. १९५० साली ‘भारत स्काउट्स ॲण्ड गाइड्स’ ही संस्था स्थापन झाली. तिचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सातपुड्यातच, पचमढी येथे आहे.

उघड्यावर दोनपेक्षा अधिक काड्या न वापरता चूल पेटविणे, ही स्काउटांची जुनी कसोटी. तिच्यात चातुर्यापेक्षा पूर्वतयारीची परीक्षा अधिक असते. प्रथम जमीन पाचोळा झाडून स्वच्छ करावी, जवळ पाणी व माती ठेवावी. सुके गवत, बारीक काटक्या आणि जाड लाकूड यांचे तीन वेगळे ढीग लावावेत. मग वाऱ्याची दिशा पाहून काडी ओढावी. काडीपेटी नसताना पूर्वज चकमकीवर गारगोटी घासत. पोलादाचे सूक्ष्म कण तापून ठिणगी होत आणि ती सावरीच्या कापसावर धरली जाई. यज्ञासाठी अरणिमंथन करीत; तेथे लाकडाच्या घर्षणाने निघालेली भुकटीच धुमसू लागते. हे प्रयोग मुलांना जरूर दाखवावेत. त्यांतून धीर कळतो.

तथापि रानात वाट चुकलेल्या मुलाला अग्नीच्याही आधी इतर गोष्टी लागतात. भांबावून धावू नये, एका जागी थांबावे, सावली धरावी, जवळचे पाणी जपून वापरावे, शिट्टीने तीन-तीनदा इशारा करावा. मुख्य म्हणजे कोठे जातो हे निघण्यापूर्वी घरी सांगावे. १९२७ च्या वन अधिनियमानुसार राखीव जंगलात अनुमतीवाचून अग्नी पेटविणे हा अपराध आहे, हेही त्यास ठाऊक हवे.

गोमंतकास हा विषय परका नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात व इतरत्र वणवे भडकले, तेव्हा ते विझविण्यास हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. ज्या विध्वंसापुढे मोठमोठी साधने तोकडी पडतात, त्याचा आरंभ एका दुर्लक्षित निखाऱ्यातूनही होऊ शकतो.

म्हणून सुटीच्या दिवसांत देवस्थानाच्या अग्रशाळेत मुलामुलींचे छोटे शिबिर भरवावे. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, प्राकाराबाहेरील मोकळ्या जागेत चूल पेटवावी, तिच्यावर पेज शिजवावी. अखेरीस पाणी ओतून राख ढवळावी, पुन्हा पाणी ओतावे, आणि उलटा हात जवळ नेऊन धग उरली नाही याची खात्री करावी. जो ही शेवटची पायरी चुकवील, त्यास उत्तीर्ण समजू नये.

अशी पिढी घडविण्याची बुद्धी श्रींनी सर्वांस द्यावी, हीच प्रार्थना.