शल्यचिकित्सकांचे प्रगतिपुस्तक



निकाल लागला की काही मुले प्रगतिपुस्तक दडवतात, हे आपण जाणताच. आज मी मोठ्या माणसांच्या एका प्रगतिपुस्तकाविषयी बोलणार आहे.

हृदयापासून निघणारी महारोहिणी छातीतून पोटात उतरते. कधी तिची भिंत कमकुवत होऊन फुग्यासारखी फुगते. पुष्कळदा काही दुखत नाही. पण फुगा फुटला की बहुतेक रोगी दगावतात. थोर शास्त्रज्ञ आइन्स्टाइन १९५५ साली याच विकाराने वारले.

फुगलेल्या भागाच्या जागी कापडी नळी शिवणे, हा यावरील एक उपाय. अमेरिकेतील डॉ. मायकेल डीबेकी यांनी अशा नळ्या डेक्रॉनच्या कापडापासून घरच्या शिवणयंत्रावर शिवल्या. शिवण त्यांना आईने शिकवली होती. हे कुटुंब मूळचे लेबनॉनचे. घरातली कोणतीही विद्या हलकी नसते, ती अशी!

फुगा छातीपासून पोटापर्यंत पसरला असेल, तर शस्त्रक्रिया फार अवघड होते. रक्तप्रवाह काही काळ अडवावा लागतो. तेवढ्यात मज्जारज्जूला रक्त कमी पडले तर पाय लुळे पडतात. मूत्रपिंडेही निकामी होतात.

ह्यूस्टनचे डॉ. क्रॉफर्ड यांच्या अशा १५०९ रुग्णांचा हिशेब १९९३ साली प्रसिद्ध झाला. शेकडा ८ रुग्ण महिन्याभरात दगावले होते आणि शेकडा १६ जणांच्या पायांतील शक्ती गेली किंवा कमी झाली होती. हे लपवले नाही, म्हणूनच पुढच्यांना चूक शोधता आली. मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढून दाब कमी करणे, मूत्रपिंडे थंड ठेवणे, असे उपाय रुळले. २०१६ साली ह्यूस्टनच्याच डॉ. कोसेली यांनी ३३०९ शस्त्रक्रियांचा निकाल मांडला. त्यात पायांचे कायमचे अधूपण शेकडा ५ च्या आसपास होते. शस्त्रक्रियेशी निगडित मृत्यू शेकडा साडेसात होते. तेही त्यांनी स्वच्छ लिहिले.

पालकहो, या विकाराचे एक मोठे कारण तंबाखूचा धूर आहे. आपली विडी-सिगारेट आजच सोडा. पासष्टी ओलांडलेल्या, धूम्रपान केलेल्या वडिलांची पोटाची सोनोग्राफी डॉक्टरांना विचारून करून घ्या; तिला ना चिरफाड, ना वेदना.

आणि विद्यार्थी मित्रांनो, कमी गुण मिळाले तर प्रगतिपुस्तक दडवू नका. ते उघडून गुरुजींपुढे ठेवा. सुधारणेची सुरुवात तेथूनच होते.